सात गाडग्यांतली माती

शनिवार, १० जानेवारी. पुरातत्त्व विभागाच्या मागचं पॉटरी यार्ड, सकाळ.
हजर: विभागप्रमुख साहेब, थोडा वेळ, उभ्यानं. ड्रॉइंगचे रमणभाई. तुमच्या शैलावहिनी, निजामपुऱ्याहून रिक्षानं, मांडीवर एक खोकं घेऊन. एमएची दोन्ही वर्षं, त्यात कृपा. आणि मी.

ताई, हजेरी घेतल्याशिवाय मला काम सुरू करता येत नाही. त्या दिवशीही मी कागद काढला तेव्हा रमणभाई म्हणाले, "वर्षाबेन, तुम्ही वर गेल्यावर पण पहिलं लिस्ट करणार, ने?" सगळे आधी हसले. मग वर कोण गेलं आहे, ते सगळ्यांना एकाच वेळी आठवलं.

शोकसभा घ्यायची नाही असं आम्ही ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे मी म्हटलं आणि कुणी नको म्हटलं नाही. तुम्ही स्वतः एकाही शोकसभेत शेवटपर्यंत बसला नाहीत. दुसरं भाषण सुरू झालं की तुम्ही पर्स उचलायच्या, मी मागोमाग निघायची, आणि सयाजीगंजात शेवउसळ खाता खाता तुम्ही गेलेल्या माणसाबद्दल खरं काय ते सांगायच्या. त्यात चांगलं पुष्कळ असायचं, पण सभेत कुणी बोललं नसतं असलं चांगलं. अमक्याला हिशेब येत नसे पण त्यानं खणलेल्या ट्रेंचच्या भिंती आरशासारख्या असत, वगैरे. तुमच्या फोटोला हार घालून त्याच्यापुढे खुर्च्या मांडणं मला जमलं नसतं. म्हणून मी सुचवलं, की टिंब्यावरच्या उत्खननातली जी खापरं कॅम्पवर धुवायची राहिली आणि अजून पोत्यांत बंद आहेत, ती सगळ्यांनी मिळून धुऊ या. नलिनीताईंचं राहिलेलं काम तेवढं तरी पुरं होईल.

कल्पना सगळ्यांना आवडली. मलाही फार आवडली होती. आता ते वाक्य लिहायला नको वाटतं, पण खरं तेच लिहायचं तर आवडली होती.

खापरं धुणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर त्याला ते मोलकरणीचं काम वाटतं. दिवसभर ट्रेंचमधून निघालेली खापरं संध्याकाळी बादलीत भिजवायची, टूथब्रशनं घासायची, आणि थरांची सरमिसळ होऊ न देता चटयांवर वाळत टाकायची. कॅम्पवर ही कामाची वेळ, आणि तुमची शिकवायची वेळही तीच. हात गुंतले की माणूस तोंडानं खरं बोलतो, असं तुम्ही म्हणायच्या. तुमचे खरे तास फळ्यापाशी झालेच नाहीत. ते त्या बादल्यांभोवती झाले, पाटावर बसून, साडीचा पदर खोचून, नखांत माती घेऊन.

एक तास मात्र वर्गातला आहे, आणि तो मी विसरू शकत नाही, कारण त्यात माझा डबा गेला.

माझं पहिलं वर्ष. तुम्ही आत आलात आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा मागितलात. मी पुढच्या बाकावर, त्यामुळे माझा गेला. तुम्ही तो उघडून टेबलावर ठेवलात. हा डबा जमिनीखाली सापडला आहे, मालक सापडत नाही, त्याच्याबद्दल काय सांगता येईल ते सांगा, म्हणालात. डब्यात थेपले होते आणि आंब्याचा छुंदा. वर्गानं एका सुरात मला गुजराती ठरवून टाकलं. तुम्ही शांतपणे मला उभं केलंत आणि आडनाव विचारलंत, ते निघालं मराठी. थेपले शेजारच्या हंसामासींचे होते, आईला ताप होता म्हणून. आपल्या विषयानं कित्येक वर्षं हेच केलं, असं तुम्ही सांगितलंत. भांडं बघायचं आणि त्यावरून लोक ठरवायचे. नवं भांडं दिसलं की नवे लोक आले म्हणायचं. शेजारीण नावाची गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही.

मग तुम्ही विचारलंत, थेपलेच का. मागून कुणीतरी म्हणालं, ते टिकतात, प्रवासात चालतात, डाळीसारखे सांडत नाहीत. हा दुसरा रस्ता, तुम्ही म्हणालात. वस्तू कुणाची ते राहू द्या. ती काय काम करते, कुठल्या हवेत, कुठल्या गरजेतून, त्याचा अंदाज बांधा आणि तो पडताळून बघा. मी वहीत भराभर लिहून घेत होते. हे मला पटलं होतं. यात करण्यासारखं काहीतरी होतं.

मग तुम्ही डब्यातला एक थेपला बोटानं दाखवलात. बाकीचे एकावर एक होते, हा एकटा चार घड्या करून कडेला ठेवलेला. हा वेगळा का? कुणाला सांगता येईना. मलाही नाही. "इथून तिसरा रस्ता सुरू होतो," तुम्ही म्हणालात. "ज्यानं ठेवला त्याच्या मनात काहीतरी होतं. ते मोजता येत नाही म्हणून ते नव्हतंच, असं म्हणायचं का?" तास संपताना तुम्ही फळ्यावर नावं लिहिलीत: संस्कृती-इतिहास, प्रक्रियावाद, उत्तर-प्रक्रियावाद. नावांना घाबरू नका, ती दूरच्या नातेवाइकांसारखी असतात, कामाला येत नाहीत पण ओळखावी लागतात, म्हणालात. आणि माझा घडीचा थेपला खाऊन टाकलात.

संध्याकाळी मी हंसामासींना विचारलं, तो एक वेगळा का ठेवला होता. त्यांना आठवेना. दुसऱ्या दिवशी मी विजयी चेहऱ्यानं तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, आठवत नाही म्हणजे कारण नव्हतं असं नाही. आपल्या भांडणाचा तो पहिला दिवस.

पुढे मी विभागातच शिकवायला लागले, आणि भांडण रोजचं झालं. तुम्ही जुन्या संस्थानी दफ्तरदारांच्या घराण्यातल्या, मी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधली, वडील वर्कशॉपमध्ये फिटर. तुम्हाला टोमणा मारायला ते पुरायचं. वर्कशॉपवाल्याची मुलगी तू, प्रत्येक गोष्टीला नंबर पडल्याशिवाय तुला झोप लागत नाही, म्हणायच्या. मी म्हणायची, आणि तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद रंगवले, म्हणून प्रत्येक वस्तूमागे तुम्हाला कहाणी लागते. हे आपण इतक्या वेळा म्हटलं की रमणभाई मध्येच आपलं वाक्य पुरं करून द्यायचे. पण ताई, माझ्या नंबरांवर तुम्ही आंधळा विश्वास टाकलात, हे मला माहीत आहे. अमुक खापर कुठल्या पोत्यात, असं कुणी विचारलं की तुम्ही मान वर न करता म्हणायच्या, वर्षाला विचारा, ती मेली तरी सांगेल. ते मला पदवीसारखं वाटायचं.

टिंब्यावरची ती सात गाडगी निघाली त्याला आता तीन हिवाळे झाले. गावाबाहेरचं ते टेकाड, गावकरी त्याला टिंबो म्हणत, म्हणून आपणही टिंबा म्हणायला लागलो. एका घराच्या भिंतीबाहेर, भिंतीला धरून, ओंजळीत मावतील अशी सात गाडगी ओळीनं, सगळी पालथी. आत माती गच्च बसलेली. साहेब त्या हंगामात एकच दिवस आले, गाडग्यांचा काठ बघून म्हणाले, हे तर सौराष्ट्रातलं, तिकडून लोक आले असं लिहून टाका. आपण दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तेवढ्यापुरत्या आपण एका पक्षात होतो. साहेबांची जीप गेली आणि पक्ष फुटला.

मी म्हटलं, दुधाची गाडगी. घासून-धुऊन भिंतीशी ओट्यावर पालथी घातलेली, ओटा खचला, ती तशीच गाडली गेली. आजही कुठल्याही घरात बघा, भांडी कशी वाळत घालतात. तुम्ही म्हणालात, नाही, ही मुद्दाम पुरलेली आहेत. बाळंतपणानंतर पडणारी वार गाडग्यात घालून घराशेजारी पुरायची, ही रीत या मुलखात कालपरवापर्यंत होती. तुमच्या स्वतःच्या आईनं तुमची पुरली होती, परसात, हे तुम्ही त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलंत. सात गाडगी म्हणजे त्या घरातली सात बाळं. मी म्हटलं, हा तुमच्या आईबद्दलचा पुरावा झाला, टिंब्यावरच्या बाईबद्दलचा नाही. पुरली असतील तर गाडग्यांभोवती खड्ड्याची कड दिसायला हवी; ती दिसते की नाही, यावर सगळं अवलंबून होतं. तुम्हाला ती दिसत होती. मला ते उंदराचं बीळ वाटत होतं. आपण दोघी गुडघ्यांवर बसून एकाच मातीकडे ऊन उतरेपर्यंत बघत राहिलो आणि दोघींना दोन गोष्टी दिसत राहिल्या.

मग मी म्हटलं, प्रयोगशाळेत पाठवू या. आतल्या मातीत, भांड्याच्या अंगात दुधाचा स्निग्ध अंश राहतो, तो शोधता येतो. त्यावरचं आपलं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"यंत्रातून दूध निघेल वर्षा, बाई निघणार नाही."

"दूध निघालं तर बाईबद्दल बोलायची गरजच नाही."

"मग ते दूध काढलं कुणी?"

रमणभाई मोठ्यानं हसले, आणि मला राग आला. मी म्हटलं, मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते आपल्याला कळत नाही, कळतं ते फक्त मागे राहिलेलं. तुम्ही म्हणालात, मन सोडून सगळं शोधायचं असेल तर मुंग्यांची वारुळं खण, माणसांची घरं कशाला. आणि गाडगी पाठवायची नाहीत, असं सांगून टाकलंत. उत्खनन तुमच्या नावावर होतं. विषय संपला.

हंगाम संपल्यावर ती सातही गाडगी तुम्ही अभ्यासाला म्हणून घरी घेऊन गेलात. मी नोंद केली. पुढे अहवालाचं काम सुरू झालं. नकाशे झाले, थर झाले, खापरांची प्रकरणं मी लिहिली, हाडांचं प्रकरण बाहेरून आलं. राहिलं ते शेवटचं, अर्थ लावण्याचं प्रकरण. अहवालावर दोघींच्या सह्या हव्यात, नाहीतर तो जाणार नाही, ही अट तुमचीच. आणि त्या सात गाडग्यांवर आपलं एकमत होत नव्हतं, म्हणून ते प्रकरण थांबलं. गेल्या वर्षभरात आपण कशाकशाबद्दल बोललो. माझ्या मुलाची नोकरी, तुमचा गुडघा, शैलावहिनींचं शेजाऱ्यांशी पाण्यावरून चाललेलं भांडण. गाडग्यांचं नाव दोघींनी काढलं नाही. मी समजून चालले होते, की तुम्ही ती कधीच रिकामी करून, बघून, कपाटात ठेवली असतील.

मग तुम्ही गेलात. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. सकाळी फोन आला, मी पोचले, करायचं ते केलं. कुणाला कळवायचं, कुणी काय आणायचं, सगळं मीच पाहिलं. लोक म्हणाले, वर्षा आहे म्हणून निभावलं. मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही.

आता त्या शनिवारकडे येते. मी कामं लावून दिली होती. भिजवणारे, घासणारे, वाळत घालणारे. मी स्वतः पोती उघडून थरांच्या चिठ्ठ्या तपासत होते, म्हणजे बादल्यांपासून दूर, भिंतीशी. शैलावहिनी आल्या तेव्हा मी उठून त्यांना आत नेलं, पाणी दिलं. तुमच्या खोलीत सापडलेलं विभागाचं सामान त्यांनी आठवणीनं आणलं होतं, ते खोकं त्यांनी यार्डात ठेवलं. वहिनी रडत होत्या. नलूवन्संना बटाट्याची भाजी फार आवडायची, आता करवत नाही, म्हणत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. परत आले तेव्हा सगळे कामात गर्क होते, आणि हसतसुद्धा होते. वरती उत्तरायणाच्या आधीचे पतंग उडायला लागले होते. कुणीतरी तुमची नक्कल करत होतं, "हे खापर नाही, ही कुणाची तरी सकाळ आहे." हुबेहूब तुमचा आवाज. मला वाटलं, सभेपेक्षा हे लाख पटीनं बरं झालं.

उन्हं चढली तेव्हा मी चटयांवरून फिरत होते. शेवटच्या चटईवर ती सात गाडगी होती, वहिनींच्या खोक्यातली. धुऊन स्वच्छ, ओळीनं, पालथी. कृपानं ती तशी ठेवली होती. कुणीही तशीच ठेवेल. टिंब्यावर निघाली तेव्हा जशी होती, अगदी तशी, भिंतीच्या कडेला. ताई, मला हसू आलं. मी मनातल्या मनात तुम्हाला म्हटलं, बघा, याला म्हणतात पुरावा. इतकं बरं मला तुम्ही गेल्यापासून वाटलं नव्हतं. गाडगी तुम्ही आधीच रिकामी केलेली असणार, मुलीनं वरची धूळ काढली असेल, एवढंच माझ्या मनात आलं. कृपा जवळ येऊन उभी राहिली. तिला म्हटलं, छान धुतली आहेस. ती लाजली.

संध्याकाळी त्या गाडग्यांवर काळ्या शाईनं नंबर टाकले गेले आणि ते पुसू नयेत म्हणून वर लाखेचा हात फिरला. ते काम रमणभाईंनी केलं, माझ्याच सांगण्यावरून, कारण नंबर टाकल्याशिवाय काहीही आत जात नाही.

फोन उत्तरायणाच्या सुट्टीनंतर आला. एका बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून एक बाई बोलत होत्या. त्यांना तुमचा मोबाइल लागत नव्हता म्हणून विभागात केला. तुमची बातमी त्यांना माहीत नव्हती, ती मी सांगितली. मग त्या संकोचानं म्हणाल्या, की मॅडम या सुट्टीनंतर गाडगी घेऊन स्वतः येणार होत्या, तारीख ठरवायची राहिली होती. दिवाळीनंतर दोन-तीनदा तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं होतं. गाडगी धुवायची नाहीत, आतली माती हलवायची नाही, प्लॅस्टिकमध्ये बांधायची नाहीत, हे सगळं तुम्ही विचारून घेतलं होतंत. तीन वर्षं ती तशीच ठेवली आहेत, हातसुद्धा लावलेला नाही, असं तुम्ही त्यांना अभिमानानं सांगितलं होतं.

आणि मग त्या म्हणाल्या, "मॅडम ने कहा था, साथ में मेरी कलीग आएगी, सवाल उसी का है."

मी त्यांना विचारलं, हे म्हणताना आवाज कसा होता. हा प्रश्न विचित्र होता, पण दुसरा सुचला नाही. त्या म्हणाल्या, लाइन खराब होती.

फोन ठेवून मी कृपाला बोलावलं. साधेपणानं विचारलं, त्या गाडग्यांत माती होती का गं. ती म्हणाली, "हा बेन, खूब. नीकळती ज नहोती." माती निघता निघत नव्हती, पण तिनं बांबूच्या काडीनं हळूहळू सैल केली, काठ दुखावू दिला नाही. एका गाडग्यातला गोळा तर अख्खा बाहेर आला, तोंडाच्या आकाराचा, तो तिनं मैत्रिणींना दाखवलासुद्धा. मग सगळ्यांचा चिखल एकाच बादलीत गेला. तिनं काम अगदी तुम्ही शिकवलं तसं केलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, जा. तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. रमणभाईंना कळलं आहे. ते खुर्चीवर बसून राहिले आणि म्हणाले, धुतलं नसतं तर नलिनीबेननं आपल्यालाच धुतलं असतं, तिचाच नियम. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत राहिले.

बादल्यांचा चिखल आपण नेहमी कण्हेरीच्या अळ्यात ओततो. मी तिथे गेले. अळ्यात त्या दिवशीचा सगळा गाळ बसला होता, वाळून भेगा पडलेला. सगळ्या पोत्यांची, सगळ्या थरांची माती. मी तिथे उकिडवी बसले आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी काडीनं तो गाळ उकरायला लागले. जणू त्यातली त्या सात गाडग्यांची माती मला ओळखू येणार होती. थर वेगळे करण्यात माझा हात धरणारं या विभागात कुणी नाही, हे तुम्हीच म्हणायच्या. ही माती मला कुठल्याच थरात घालता येईना.

तेव्हापासून मी तुमचा फोन समजून घ्यायचा प्रयत्न करते आहे. डब्याच्या त्या तासातला पहिला रस्ता घेतला तर उत्तर सोपं आहे. तुमची पिढी, तुमचं घराणं, कागदपत्रं पुरी केल्याशिवाय फाइल बंद करायची नाही. त्या संस्कारातून तुम्ही फोन केलात. दुसऱ्या रस्त्यानं पाहिलं तर अहवाल अडला होता, तुमची तब्येत खालावत होती, कामाला वाट हवी होती. तुम्ही ती काढलीत. दोन्ही पटतात. दोन्हींनी माझं समाधान होत नाही. मला तिसरं हवं आहे. "सवाल उसी का है" म्हणताना तुमच्या मनात काय होतं? मी बरोबर असू शकते असं तुम्हाला वाटायला लागलं होतं का? की एकदा हिला यंत्रातून दूध काढून दाखवू आणि मग विचारू, आता सांग, काढलं कुणी? की फक्त मला प्रवासाला बरोबर न्यायचं होतं, गाडीत खिडकीशी बसून दोन दिवस भांडायचं होतं? माझ्याकडे एक वाक्य आहे, तेही दुसऱ्याच्या तोंडून, खराब लाइनवर ऐकलेलं. एवढ्या पुराव्यावर माझ्या विद्यार्थिनीनं निष्कर्ष काढला असता तर मी तो तांबड्या पेनानं खोडला असता. तरी मी रोज एक निष्कर्ष काढते आणि दुसऱ्या दिवशी खोडते.

आणि शैलावहिनींना विचारलं, तर त्या म्हणतात, नलूवन्सं त्या खोक्याला कुणाला हात लावू देत नसत, धूळसुद्धा पुसू देत नसत. मग तुम्हाला खोकं आणताना शंका नाही आली, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. त्यांनी तर जपून आणलं होतं, मांडीवर घेऊन. कुणाचंच चुकलं नाही, ताई. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. मी आयुष्यभर समजत होते, की सगळ्यांनी आपलं काम चोख केलं की काही हरवत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायचीच होती, तुम्ही असताना सांगितली नाही. उंदराच्या बिळाबद्दल मी जेवढ्या जोरानं बोलत होते, तेवढी माझी खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात मला तिथे एक रेघ दिसली होती. कड असेलही, नसेलही. मी नोंद केली, "अस्पष्ट". ते खरंच होतं. पण तुम्हाला हाक मारून दाखवली असती तर तुम्ही केवढ्या खूश झाला असता, हे आता वाटतं. तुम्ही माझ्याकडून कधीच हार मागितली नाही. तुम्हाला फक्त कुणीतरी बरोबर बसून बघणारं हवं होतं. तशी बसले मी, पुष्कळ बसले, त्याबद्दल तरी माझ्या मनात काही नाही. आणि बघायला तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल तर मला नीट आभारही मानता आले नाहीत, आपल्यात ती पद्धतच नव्हती.

प्रयोगशाळेतल्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. धुतली, घासली, शाई लावली, लाख लावली. त्यांनी दोष दिला नाही. आतली माती गेली ती गेली, म्हणाल्या. पण भांड्याच्या अंगात काही मुरलेलं असू शकतं, धुण्यानं ते पूर्ण जात नाही. त्यासाठी प्रत्येक गाडग्याच्या बुडातून नखाएवढा तुकडा कापावा लागेल आणि तो दळावा लागेल. त्यातून काही निघेल याची त्या हमी देत नाहीत. निघालं तरी लाखेमुळे त्याच्यावर किती विसंबायचं, तेही सांगता येत नाही. आणि कापलेलं परत जोडता येत नाही. उत्खनन करणाऱ्याची लेखी संमती लागते. ते नाव आता माझं आहे.

तुम्ही असता तर मी क्षणात हो म्हटलं असतं, कारण नाही म्हणायला तुम्ही होतात. आता हो म्हटलं तर तीन वर्षं तुम्ही हात न लावता ठेवलेली वस्तू मी कापणार. नाही म्हटलं तर तुम्ही गुडघा दुखत असताना माझ्यासाठी जो प्रवास ठरवलात, तो मी रद्द करणार. यातलं तुम्हाला कुठलं चाललं असतं, ते ओळखायला माझ्याजवळ काहीच साधन नाही. मी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, सौराष्ट्र लिहून टाका ना.

सातही गाडगी माझ्या टेबलावर आहेत. संमतीचा कागद छापून आणला आहे, तारखेची जागा सोडून बाकी भरला आहे. बाईंना मी सोमवारपर्यंत कळवते म्हटलं होतं. तो सोमवार गेला, आज गुरुवार.